नवरा व्याख्यानाला जातो

माझ्या नवऱ्याने उभ्या आयुष्यात कुणाचं भाषण शेवटपर्यंत ऐकलं नव्हतं. मालगाडीचा ड्रायव्हर होता तो. आता त्या पदाला लोको पायलट म्हणतात. रतलाम, नागदा, भोपाळ या रुळांवर त्याची सगळी नोकरी गेली. युनियनच्या सभेतून चहा झाला की मागच्या दाराने निघून यायचा. आमच्या लग्नात एका वकील काकांनी वधूवरांना उपदेशाचे चार शब्द सांगायला सुरुवात केली, तेव्हा नवरदेव मंडपामागे पान खायला गेले होते आणि त्यांना शोधायला माणूस पाठवावा लागला होता.

असा माणूस निवृत्त झाल्यावर काही महिन्यांनी एका संध्याकाळी इस्त्रीचा बुशशर्ट घालून आरशासमोर भांग पाडत म्हणाला, "विद्यापीठात जाऊन येतो. व्याख्यान आहे."

लिहिताना त्याला 'तो' म्हणते आहे. तोंडावर अजूनही 'अहो'च.

"कुणाचं?" मी विचारलं.

आरशातून माझ्याकडे बघत तो म्हणाला, "आहे कुणीतरी प्रोफेसर. बनारसचा."

"अन् कशावर?"

"ते तिथे गेल्यावर कळेल नं."

स्कूटर काढली आणि गेला. मी दारात उभी राहून तो देवास रोडकडे वळेपर्यंत बघत राहिले. वळला तर विद्यापीठाच्याच बाजूला. पण तेवढ्याने काय सिद्ध होतं?

मी गणिताची शिक्षिका. जळगावहून लग्न होऊन इथे उज्जैनला आले आणि फ्रीगंजमधल्या एका शाळेत मुलांना समीकरणं शिकवत म्हातारी झाले. दर वर्षी परीक्षेच्या हॉलमध्ये फेऱ्या मारायचं काम वाट्याला यायचं. कॉपी करणारं मूल कसं ओळखायचं हे नव्या शिक्षकांना मी एका वाक्यात सांगायची: ते पेपरकडे कमी आणि बाईंच्या तोंडाकडे जास्त बघतं. माझा नवरा गेले काही दिवस माझ्याकडे अगदी तसाच बघत होता. मी बोलायला लागले की हातातलं काम थांबवून टक लावायचा. इतक्या वर्षांच्या संसारानंतर कुठलाही नवरा बायकोकडे असं बघत नाही, आणि बघत असला तर त्याचं काहीतरी दडलेलं असतं.

पुढच्या आठवड्यात पुन्हा व्याख्यान निघालं. मग परिसंवाद. मग कुठल्याशा विभागाची दोन दिवसांची संगोष्ठी. पेपरात बातमी आली रे आली की हा शर्टाला इस्त्री करायला बसायचा.

मी बाकीच्या गोष्टी जुळवू लागले. त्याने टीव्ही बघणं सोडलं होतं. विचारलं तर म्हणायचा, डोकं दुखतं. टॉवर चौकातल्या कचोरीच्या दुकानापाशी त्याच्या रेल्वेतल्या मित्रांचा अड्डा जमतो, तिकडे जाणं बंद केलं होतं. मुलगी पुण्याहून फोन करायची तेव्हा हा फोन माझ्याकडे सरकवायचा, "तू बोल, मी जरा बाहेर घुमून येतो." पण दिवसभर तोच फोन हातात धरून बोटांनी काहीबाही लिहीत बसायचा, आणि स्वतःशी हसायचा. मी मागून खोलीत गेले की असा दचकायचा की फोन हातातून पडायची वेळ. मी काही विचारलं तर उत्तर भलतंच.

"अहो, मेथी आणू का पालक?"

"हो, झाली अंघोळ."

मन ठिकाणावर नसलं की असंच होतं. प्रश्न एवढाच होता की ते कुठल्या ठिकाणी आहे.

मुलीला फोनवर आडून सांगून बघितलं. ती म्हणाली, "आई, बाबांना इतक्या वर्षांनी वेळ मिळालाय. ऐकू दे की त्यांना व्याख्यानं. तुला कशातही काळंबेरंच दिसतं." मी विषय बदलला. पोरीला बापाबद्दल काय सांगणार?

आमच्या शेजारी एक बाई राहतात. नवरा गेल्यापासून एकट्याच असतात, आणि रोज कोठी रोडवर फिरायला जातात. शहरात कोण कुणाबरोबर कुठे दिसलं हे त्यांना पेपरआधी कळतं. एका सकाळी दोघी गेटवर भाजी घेत होतो. टोपलीतली गिलकी निवडता निवडता त्या सहज म्हणाल्या, "दीदी, भाईसाहब तो आजकल बड़े विद्वान हो गए हैं."

"क्यों, क्या हुआ?"

"कल यूनिवर्सिटी की सीढ़ियों पर देखा. एक मैडम से बात कर रहे थे. बड़ी देर तक."

मी गिलकी खाली ठेवली. "कौन मैडम?"

"होंगी कोई प्रोफेसर. ऊँची-पूरी हैं, चश्मा लगाती हैं. अच्छी साड़ी पहनी थी."

"क्या बात कर रहे थे?"

त्यांनी जरा विचार केला. "बोल तो वही रही थीं. भाईसाहब तो बस उनका मुँह देखे जा रहे थे."

त्या दिवशीच्या भाजीत मी मीठ घालायला विसरले. त्यानेही काही म्हटलं नाही. तेही मला खटकलं. एरवी आळणी भाजीला नाव ठेवल्याशिवाय घास न गिळणारा माणूस.

मग मी त्याची परीक्षाच घ्यायची ठरवली. व्याख्यानाहून आला की पाणी देऊन समोर बसायचं आणि विचारायचं. पहिल्याच दिवशी विचारलं, "आज काय विषय होता?"

"पाण्यावर होतं," तो म्हणाला. "पाणी फार जपून वापरलं पाहिजे. एकदा गेलं की परत येत नाही. असं सांगत होते."

"अजून काय?"

"अजून चहाबरोबर समोसा होता. गार होता."

दुसऱ्या दिवशी हिंदी पेपरच्या शहराच्या पानावर त्या कार्यक्रमाची बातमी फोटोसकट आली. विषय होता, 'वाणी का संयम'. वाणी. एकदा तोंडातून गेलेला शब्द परत येत नाही असं वक्ते महोदय म्हणाल्याचं खाली छापलं होतं. पाण्याचा कुठे थेंब नव्हता.

मी पेपर घडी घालून उशीखाली ठेवला. म्हणजे हा तिथे गेलाच नव्हता, किंवा गेला असला तरी आत बसला नव्हता. कुणाकडून तरी बाहेरच्या बाहेर चार वाक्यं ऐकून आला होता, आणि तीही धड ऐकली नव्हती. कॉपी करणाऱ्या मुलांचं असंच होतं. चिठ्ठीवरचं अक्षर नीट लागत नाही, आणि उत्तरपत्रिकेत भलतंच काहीतरी उतरतं.

त्यानंतरच्या व्याख्यानाला तो निघाला, तेव्हा मी शेजारच्या बाईंना सांगितलं की देवास गेटला जाऊन येते, आणि ई-रिक्षा पकडून त्याच्या मागे गेले.

विद्यापीठाच्या आवारात मी कित्येक वर्षांनी पाऊल ठेवत होते. सभागृहाच्या दाराशी दोन मुली येणाऱ्याच्या कपाळाला कुंकू लावत होत्या. मी पदर डोक्यावरून ओढून घेतला, कुंकू लावून घेतलं आणि शेवटच्या रांगेत खांबाच्या आड बसले. माझ्या आसपास संशोधन करणारी मुलं-मुली बसली होती. त्यांना बहुतेक हजेरीसाठी आणून बसवलेलं असावं, कारण एकाचंही लक्ष व्यासपीठाकडे नव्हतं. दिवा लावायचा म्हणून पंखे बंद केले होते. दिवा लागला, वंदना झाली, शाली आणि श्रीफळं देऊन झाली, तरी पंखे सुरू करायची आठवण कुणालाच झाली नाही.

तो पुढे दिसला. पाहुण्यांच्या सोफ्यांमागे खुर्च्यांची जी पहिली रांग होती तिच्यात, वक्त्याच्या माइकच्या बरोबर समोर. त्याच्या शेजारच्या खुर्चीवर एक पर्स ठेवलेली होती.

पर्स कुणाची ते लवकरच कळलं. सूत्रसंचालन करणाऱ्या बाई व्यासपीठावरून उतरून त्या खुर्चीवर येऊन बसल्या. उंच, चष्मा, फिकट निळी माहेश्वरी साडी. बसल्या बसल्या त्यांनी नवऱ्याकडे वळून काहीतरी म्हटलं. तोही पूर्ण वळून त्यांच्याकडे बघू लागला. घरी मी ज्या टक लावण्याला घाबरले होते, तेच टक लावणं.

त्या दिवशीचं व्याख्यान माळव्यातल्या जुन्या बावड्यांवर होतं. वक्ते वयाने तरुण होते आणि बोलण्यात रस होता. गावोगाव हिंडून त्यांनी विहिरींचे फोटो काढले होते. ते दाखवायचे म्हणून त्यांनी दिवे मालवायला सांगितलं. हॉल अंधारला, पडद्यावर एका खोल बावडीच्या पायऱ्या उमटल्या, मागची मुलंसुद्धा मोबाईल ठेवून बघायला लागली. आणि माझा नवरा उठला. वाकून, लोकांची माफी मागत, बाजूच्या दाराने बाहेर गेला. थोड्याच वेळात शेजारची खुर्चीही रिकामी झाली.

मी बाहेर पडले तेव्हा दोघं पायऱ्यांवर उभी होती. हातात कागदी पेल्यातला चहा. त्या बोलत होत्या, सावकाश, हात हलवत, आणि हा त्यांच्या ओठांकडे बघत होता. मध्येच काहीतरी बोलून मोकळेपणाने हसला. तसा तो माझ्यासमोर कधी हसला होता ते मला आठवेना. मी भिंतीच्या कडेने निघाले, आणि रिक्षा मिळेपर्यंत बरंच चालले.

तो आला तेव्हा मी नेहमीसारखी बसले होते. "कसं झालं?"

"चांगलं झालं. बावड्यांवर होतं."

"शेवटपर्यंत बसलात?"

तो क्षणभर माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "हो. शेवटपर्यंत."

आता हातात पक्का पुरावा होता. तरी मी त्या दिवशी काही बोलले नाही. का, ते मला नीट सांगता येणार नाही. वर्गात कॉपी पकडली की मी लगेच पेपर ओढून घ्यायची, विचार करायला थांबायची नाही. इथे मात्र पेपर ओढून घेतला की पुढे काय करायचं, हे मला ठाऊक नव्हतं.

संधी पुढच्या एका संगोष्ठीच्या वेळी आली. विषय शिक्षणाशी संबंधित होता, तेव्हा निवृत्त शिक्षिकेने जायला कुणाची हरकत असायचं कारण नव्हतं. या वेळी मी लपले नाही. तो गेल्यावर अर्ध्या तासाने गेले, आणि सरळ दुसऱ्या रांगेत, बरोबर त्याच्या मागच्या खुर्चीवर बसले. बाई आपल्या जागेवर होत्याच. मी ठरवून आले होते की जे विचारायचं ते दोघांच्या समोर विचारायचं, म्हणजे घरी जाऊन गोष्ट फिरवायला जागा राहणार नाही.

एका वक्त्याचं संपलं होतं आणि दुसऱ्याच्या नावाची चिठ्ठी शोधणं चाललं होतं. मी पुढे वाकले.

"अहो."

तो हलला नाही. त्याच्या मानेवरचे पिकलेले केस नुकतेच कापलेले होते.

"अहो, मी आले आहे."

काहीच नाही. मला वाटलं, ओळखूनसुद्धा वळत नाही. बाई शेजारी आहे म्हणून. आवाज किती वर गेलाय याचं मला भान राहिलं नाही. "अहो, ही बाई कोण ते मला इथेच सांगा."

रांगच्या रांग वळली. बाई वळल्या. सोफ्यावरचे एक पाहुणे वळले. पलीकडच्या टोकाला बसलेले एक डुलक्या घेणारे आजोबा जागे होऊन वळले. माझ्या डावीकडच्या मराठी बाईंनी तर तोंडाला पदर लावला.

तो तेवढा वळला नाही. व्यासपीठावरच्या माइककडे, जिथे अजून कुणीच उभं नव्हतं, तिकडे शांतपणे बघत होता. मग आसपासच्या माना फिरलेल्या त्याच्या लक्षात आल्या असाव्यात, कारण तोही इकडेतिकडे बघू लागला. काय झालं ते न कळलेल्या माणसासारखा, चेहऱ्यावर थोडंसं हसू ठेवून. सगळे हसत असतील तर आपणही हसतो आहोत असं दिसावं म्हणून ठेवलेलं हसू.

तो पुरता वळायच्या आत मी उठले आणि बाजूच्या दाराने बाहेर आले.

व्हरांड्यात एक लोखंडी बाक होता. त्यावर बसले. पाण्याचं आणि वाणीचं तिथे मला पहिल्यांदा कळलं. मेथीचं, अंघोळीचं आणि फोनवर बोलण्याऐवजी लिहीत बसण्याचंही. अंधार झाल्यावर तो का उठला तेही. पण कळल्यावर हलकं वाटायला हवं होतं, तसं वाटलं नाही.

बाई माझ्या मागोमाग आल्या. अगदी शांतपणे शेजारी बसल्या आणि म्हणाल्या, "आप उनकी पत्नी हैं न? आपने जो पूछा, वो मैं समझ गई. इतनी मराठी तो उज्जैन में सबको आती है."

मला मान वर करवेना.

त्या इथे तत्त्वज्ञान शिकवतात. विद्यापीठातल्या व्याख्यानांची व्यवस्था त्यांच्याकडे असते. त्यांनी सांगितलं ते असं: त्यांच्या कार्यक्रमांना बाहेरचं माणूस फारसं येत नाही. हे एक गृहस्थ मात्र दर वेळी येऊन पुढे बसायचे. कंटाळवाणा, एकेक शब्द सावकाश सुटा करत बोलणारा वक्ता असला की शेवटपर्यंत मन लावून ऐकायचे, आणि उत्तम बोलणारा, चित्रं दाखवणारा कुणी आला की मध्येच उठून जायचे. "हमारे यहाँ तो इसका उल्टा होता है," त्या म्हणाल्या. एक दिवस त्यांनी पायऱ्यांवर गाठून विचारलं. त्याने सरळ सांगितलं की कान गेले आहेत. अगदी गेले नाहीत, पण शब्द कापूस भरल्यासारखे येतात. इथे लाउडस्पीकर असतो, एका वेळी एकच माणूस बोलतो, त्याचं तोंड उजेडात असतं. आवाज आणि ओठ जुळवत बसलं की हळूहळू समजायला लागतं. "और यहाँ कोई मुझसे जवाब नहीं माँगता," असं तो म्हणाला होता.

"तुम्हाला सांगितलं," मी म्हणाले. "मला नाही."

"अनजान आदमी को बताना आसान होता है, दीदी. और उन्होंने मुझसे वचन लिया था कि घर पर पता न चले." मग म्हणाल्या, "मुझे लगा था आप एक दिन आएँगी ही. मगर इस तरह आएँगी, ये नहीं सोचा था."

मला हसू आलं नाही, पण रागही धरून ठेवता आला नाही. त्या मला आत चला म्हणाल्या. मी घरी गेले.

तो संध्याकाळी आला. चपला काढून आत आला तोवर मी दिवाणखान्यातला मोठा दिवा लावून ठेवला होता. त्याच्या खुर्चीसमोर स्टूल ओढलं आणि बसले, दिवा माझ्या तोंडावर येईल अशी. हे सगळं बघून त्याला बहुधा कळलं. तोही बसला.

"केव्हापासून?" मी सावकाश विचारलं.

"नोकरी सुटली तेव्हा थोडं थोडं होतं. मग वाढलं."

"मला का नाही सांगितलंत?"

तो नखाने खुर्चीचा हात खरवडू लागला. मग त्याने त्याच्या आजोबांचं सांगितलं, जे मी कधी ऐकलं नव्हतं. आजोबा म्हातारपणी बहिरे झाले होते. घरातले सगळे त्यांना बहिरोबा म्हणायचे, लाडानेच. पण लाडाने म्हणता म्हणता त्यांच्याशी बोलणंच थांबलं. "फक्त कामापुरतं ओरडायचे. जेवलात का, औषध घेतलं का, बाजूला सरा. बाकी काही नाही. आपण हसून राहिलो तर ते विचारायचे, काय झालं, काय झालं. अन् आपण म्हणायचो, काही नाही. मीसुद्धा म्हणायचो." तो माझ्या तोंडाकडेच बघत होता. "मला ते 'काही नाही' नको होतं."

"पण माझं तुम्हाला कळतच नव्हतं. मग काय उपयोग लपवून?"

"तू समोर बसून बोललीस तर कळतं. तू बसतेस कुठे? तू तर स्वयंपाकघरातून बोलतेस. पाठ करून, कुकरच्या शिट्टीत. त्या मॅडम चेहरा समोर ठेवून बोलतात, बस इतकंच."

मी स्टूल आणखी पुढे ओढलं. तेव्हा तो जरा सैल होऊन म्हणाला, "आणि खरं सांगू, मजाही येऊन राहिली होती. वक्त्यापेक्षा व्यासपीठावर त्याच्या मागे बसलेले लोक जास्त खरं बोलतात. त्या बनारसच्या प्रोफेसरांचं अर्धं झालं होतं, तेव्हा अध्यक्ष पाहुण्यांना म्हणून राहिले होते, यांना कुणी बोलावलं. पाहुणे म्हणाले, तुम्हीच. ते माइकवर कुणालाच ऐकू आलं नाही. मला दिसलं."

मी हसले. मग माझ्या मनात आलं ते मी लगेच विचारलं. "म्हणजे मी काम करताना तोंडातल्या तोंडात पुटपुटते, तेही?"

"ते तर सगळ्यात स्पष्ट असतं," तो म्हणाला.

कानाच्या डॉक्टरकडे जायला त्याने फार खळखळ केली. शेवटी मुलगी पुण्याहून आली आणि हाताला धरून फ्रीगंजमधल्या एका डॉक्टरांकडे घेऊन गेली. इंजिनाच्या आवाजात वर्षं काढलेल्यांचं असं होतं, डॉक्टर म्हणाले. मशीन लागलं. पहिले काही दिवस तो घरभर नव्या भाडेकरूसारखा फिरत होता. स्वतःच्या चपलांच्या आवाजाला थांबून मागे बघायचा. मी ओट्यावर नुसता डाव ठेवला तरी म्हणायचा, हळू. टीव्ही पुन्हा सुरू झाला. कचोरीच्या अड्ड्यावर मात्र तो मशीन खिशात ठेवूनच जातो. म्हणतो, त्यांचं ऐकण्यासारखं काही नसतं.

माझा एक संशय गेला आणि दुसरा आला. आता मी काही सांगितलं आणि उत्तर आलं नाही, तर ते ऐकू आलं नाही की ऐकायचं नव्हतं, हे कळायला मार्ग नाही. विचारलं तर तो कानावर बोट ठेवतो आणि बॅटरी गेली म्हणतो. बॅटरी नेमकी बँकेत जायचं किंवा माळा आवरायचा असला की जाते.

त्या बाईंविषयी विचाराल तर त्या आता आमच्याकडे येतात, पोहे खातात. माणूस चांगलं आहे. तरीही त्या आल्या की मी स्वयंपाकघरात फार वेळ राहत नाही.

मागच्या हिवाळ्यात त्यांनी गणिताच्या शिकवण्यावर एक चर्चासत्र ठेवलं आणि मला बोलायला लावलं. मी नाही म्हटलं, त्यांनी ऐकलं नाही. बोलावण्यामागे त्यांचा काय हेतू असेल, यावर मी बराच विचार केला आणि तो मला सापडला नाही. आठवडाभर कागदावर लिहून काढलं, पाठ केलं. त्या दिवशी व्यासपीठावर उभी राहिले तेव्हा कागद दोन्ही हातांनी धरला. इतकी वर्षं वर्गासमोर उभी राहिलेली बाई मी, पण वर्गातल्या मुलांना पळून जायची सोय नसते. इथे लोक उठून जाऊ शकत होते. मागच्या रांगांत मुलांच्या तोंडांवर मोबाईलचा उजेड होता. सोफ्यावरचे पाहुणे घड्याळ बघत होते.

तो पहिल्या रांगेत बसला होता. मशीन काढून वरच्या खिशात ठेवलं होतं. पंख्याच्या आणि खोकल्याच्या आवाजाने सभागृहात ते त्याला नको होतं. मी बोलायला लागले आणि तो माझ्या तोंडाकडे बघू लागला. त्या बाकीच्या वक्त्यांना तो समोर बसून कसा दिसत असेल, याची मला तेव्हा कल्पना आली. अख्ख्या हॉलमध्ये एवढं मन लावून बसलेलं दुसरं कुणी नव्हतं. मी हॉलकडे बघायचं सोडून दिलं आणि त्यालाच सगळं सांगितलं. अपूर्णांक मुलांना का भिववतात, हे एका मालगाडीच्या ड्रायव्हरला समजेल असं.

स्कूटरवरून येताना बोलणं शक्य नव्हतं. घरी आल्यावर मी त्याच्यासमोर उभी राहिले.

"कसं झालं?"

"चांगलं झालं."

"बायको म्हणून नका सांगू."

"चांगलं झालं म्हणतो नं. पण मध्ये दोनदा तू कागदात बघून बोललीस. तेवढं माझं गेलं." त्याने बूट काढले आणि पलंगावर पाय वर घेऊन बसला. "आता काय होतं ते सांग."

मी कागद काढायला पर्सकडे वळले, तर तो म्हणाला, "कागद नको." मग मी त्याच्यासमोर बसले आणि जेवढं आठवलं तेवढं सांगितलं.